पुदिन्याच्या वासाची आई

जे आता लिहायला बसले आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, जवळच्या मैत्रिणींना नाही, आणि जिच्या बाबतीत ते घडलं तिला तर मुळीच नाही. तुम्ही आणि मी एकमेकांना ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जीभ थोडी सैल झाली आहे. समोर बसला असतात, तर मी चहा ठेवायला उठले असते आणि विषय तिथेच संपला असता.

सुरुवात वासापासून करते. मला माणसं आधी वासानं कळतात. चेहरा आणि नाव मागाहून येतात. माझ्या आईचा वास मशेरीचा होता. कराडजवळच्या आमच्या गावी ती सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची. पान आधी तपकिरी व्हायचं, मग काळं, मग त्याचा कडवट, घशाला ओरबाडणारा धूर उठायचा आणि मी खोकत अंगणात पळायचे. ती मात्र ते काळं पान हाताने चुरडून ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत भरायची आणि मागच्या पायरीवर बसून तर्जनीनं हिरड्यांवर फिरवत राहायची — शांत, डोळे अर्धवट मिटून. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असे. अंधारात कूस बदलली, की तो वास यायचा आणि आई आहे हे कळायचं. हात लावून पाहावं लागत नसे.

पुण्यात मराठी घेऊन एम. ए. करताना मी त्या वासावर कविता लिहिली. ती लोकांना आवडली. खूप आवडली — हे सांगताना आजही थोडं सुखावायला होतं, म्हणून आधीच सांगून टाकते. काळ्या बोटाची, काळ्या दातांची बाई आणि तिच्या पदराशी निजलेली मुलगी. कोणी म्हणालं, अस्सल आहे. अस्सल हा शब्द मी पुढे कित्येक वर्षं अंगावर दागिन्यासारखा मिरवला.

लग्नानंतर मंदारबरोबर मी क्राइस्टचर्चला आले. मंदार कोथरूडचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावानं मऊ. हॉर्नबी या उपनगरात आम्ही घर भाड्यानं घेतलं: मागे कपडे वाळत घालायचा छत्रीसारखा फिरता स्टँड, कडेला सिल्व्हरबीटचा, म्हणजे इथल्या पालकासारख्या भाजीचा वाफा, आणि कारखान्यांच्या बाजूनं वारा आला की लोकरीचा ओलसर वास. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या हॉलमध्ये, मला कविता म्हणायला सांगितलं. मी तीच म्हटली. नंतर कॉफीच्या टेबलापाशी मेघना आली — फार्मसिस्ट, मुंबईची, मनानं अतिशय मोकळी. डोळे टिपत तिनं विचारलं, “वर्षा, ही तुझीच आई का गं?”

तिच्या प्रश्नात कसलाही डंख नव्हता. उलट मायाच होती. आणि मी — मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, “छे गं. आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या, त्यांच्यावर आहे.”

का म्हणाले? त्या हॉलमधल्या अत्तरांच्या, इस्त्रीच्या कपड्यांच्या वासात मला माझी आई एकदम दिसली, आणि ती तिथे मावेना — एवढंच सांगता येतं. आमच्याकडे भांडी घासायला कोणी येत नसे. आमची भांडी आई घासायची; आमची आणि अधूनमधून दुसऱ्यांचीही.

तुम्हाला वाटेल, कबुली हीच. हीच असती तर बरं झालं असतं.

*

पहिल्या बाळंतपणाला आई आली. विमानात ती पहिल्यांदाच बसली. सिंगापूरला, इकडेच येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबानं तिला हाताला धरून दुसऱ्या विमानात चढवलं आणि विमानात दिलेला अर्ज त्यांनीच भरला. क्राइस्टचर्चच्या विमानतळावर बॅग उघडली गेली. अळिवाची पुडी आणि ओल्या हळदीचं कांड अधिकाऱ्यांनी काढून घेतलं. या देशात बी आणि ओलं कांड येऊ देत नाहीत, हे तुम्ही जाणत असालच. आई बाहेर आली ती नऊवारी सावरत, हसत. म्हणाली, काय काय घेतलं ते काही समजलं न्हाय, पण मान्सं चांगली हुती, बॅग परत नीट भरून दिली.

हे वाक्य लक्षात ठेवा. काय काय घेतलं ते तिला समजलं नव्हतं. मी त्याच फटीत माझं खोटं ठेवलं.

घरी आल्यावर ती आंघोळीला गेली आणि मी तिची बॅग आवरायला घेतली. लुगड्याच्या घडीत डबी होती. झाकण उघडू नये म्हणून चिंधीनं बांधलेली. मी ती नाकाशी नेली — नेली, हे मुद्दाम लिहिते. सगळं बालपण एका श्वासात आत आलं. आणि त्याच श्वासात आठवलं, की येत्या शनिवारी माझं डोहाळजेवण आहे. मेघना येणार, इतर जणी येणार. आई मागच्या पायरीवर बसून हिरड्यांवर बोट फिरवील आणि मेघनाला कळेल की कवितेतल्या त्या मावशी कोण.

गरोदरपणात वास सहन होत नव्हते, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. येणाऱ्या बाळाला तंबाखूचा हात नको, असंही सांगितलं. दोन्ही खरं होतं. दोन्ही कारणं मला सुचली ती डबी टाकून दिल्यावर.

पूड मी हिरव्या झाकणाच्या बादलीत टाकली, जिच्यात भाजीचे देठ आणि गवत जातं. डबी पिवळ्या झाकणाच्या बादलीत, धातू म्हणून. नगरपालिकेचा नियम मी तेव्हाही मोडला नाही. हात साबणानं धुतले. आई न्हाणीतून बाहेर आली, ओल्या केसांनी बॅगेपाशी उकिडवी बसली, घड्या पुन्हा पुन्हा उलगडू लागली, आणि मी दारातून म्हणाले, विमानतळावर काढून घेतली असेल, आई. इथे चालत नाही ते.

तिनं उलगडलेल्या घड्या पुन्हा घातल्या. मग म्हणाली, आसल. त्यांचा देश हाय.

*

डोहाळजेवण छान झालं. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, दुखऱ्या कपाळाला घट्ट फडकं बांधावंसं वाटत असणार तरी न बांधता. मेघना तिच्या पाया पडली, इतर जणींनीही वाकून नमस्कार केला. कोणी कोणी गावाकडची विचारपूस केली. आई बोलत होती, पण हसताना ओठ मिटून हसत होती. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. मी फक्त एकदा, ताट हातात देताना, तिच्या दातांकडे पाहिलं होतं.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. डोकं दुखायचं. पोट साफ होईना. झोप लागायची नाही, लागली तर दचकून उठायची. ईरा जन्मली तेव्हा तिला न्हाऊमाखू घालताना आईचे हात, ज्या हातांनी गावातली कितीतरी बाळं माखली होती, ते थरथरायला लागले. ती रागवायची, आणि मग रागावल्याबद्दल तिचीच तिला लाज वाटायची. एकदा डिंकाच्या लाडवांचा पाक करपला, तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून रडली. पाणी बदललं म्हणून होत असेल, ती म्हणायची. मी म्हणायचे, हो, पाणीच असेल.

मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणण्याची सोय मी इथे ठेवत नाही. सवय एकाएकी तुटल्यावर शरीर काय करतं, हे मला मोबाइलवर वाचायला किती वेळ लागणार होता? मी वाचलंही होतं.

शेवटी तिनं मंदारला सांगितलं. मला नाही — मंदारला. सकाळी तो ऑफिसला निघताना तिनं त्याला थांबवलं आणि मान खाली घालून म्हणाली, जावईबापू, मला एक वाईट खोड हाय, ती इमानतळावर धरली गेली. आणि मंदार — ज्याच्या मित्रमंडळींपुढे आईची लाज वाटू नये म्हणून मी इतकं केलं होतं — तो बॅग खाली ठेवून हसत म्हणाला, “आई, आमचे आजोबा तपकीर ओढून पूजेला बसायचे. देवाच्या अंगावर शिंकायचे. तुमचं काय घेऊन बसलात?”

आईही हसली. डोहाळजेवणानंतर पहिल्यांदा ओठ उघडून.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते कोणत्याही शाळकरी मुलीला सांगता येईल. पण मंदार माणूस नीटनेटका. तो म्हणाला, असं कसं काढून घेतील न सांगता? काही काढून घेतलं तर तसं सांगतात. मी विमानतळाला एक मेल टाकतो, निदान काय झालं ते कळेल.

आता इथे आले मी. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरते आहे, ते हे.

मी ईराला पाजत होते. मान वर न करता, अगदी सहज आवाजात मी म्हणाले, “अजिबात विचारू नकोस. उलट दंड लागेल. आईच्या व्हिसावर शेरा येईल, आणि आपली कायम राहायची कागदपत्रं अजून व्हायची आहेत.”

मंदार गप्प झाला. त्याला पटलं असं नाही, पण कागदपत्रांचं नाव काढलं की परदेशातला प्रत्येक माणूस गप्प होतो, हे मला माहीत होतं. मी वाक्य त्याच्यासाठी बोलले होते. पण ते आईनंही ऐकलं. तिचा चेहरा कसा झाला? मी पाहिलं नाही. मी ईराकडे पाहत होते. फक्त स्टीलच्या पेल्याचा ओट्यावर टेकतानाचा आवाज आला, आणि तो नेहमीपेक्षा हळू होता.

*

मंदारनं मग दुसरा मार्ग काढला. सिगारेट इथे सोन्याच्या भावाची, आणि आईनं ती कधी ओढलीही नसती. निकोटीनचा च्युइंगम आणला, तो तिच्या उरलेल्या दाढांना चिकटून बसला. त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या मिळतात, पण सरकारी सवलत पाहुण्यांना नाही, आणि माझा पगार बंद असल्यामुळे आमचं सगळं एका पगारावर चाललं होतं. तेव्हा मेघनानंच फोनवर सुचवलं: व्हेप, म्हणजे निकोटीनची वाफ ओढायचं यंत्र. चांगलं आहे म्हणून नाही, तंबाखू भाजून हिरड्यांना घासण्यापेक्षा बरं, एवढंच. आणि हळूहळू मात्रा कमी करत न्यायची. मंदारनं तिला सगळं सांगितलं होतं. म्हणजे मेघनाला मशेरीचं कळलंच. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. कवितेबद्दल तिनं मला काहीही विचारलं नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तर ज्या गोष्टीसाठी मी डबी टाकली, ती गोष्ट फोनवरच्या दोन वाक्यांत संपली होती.

व्हेपच्या दुकानात अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, मग ते कुशीतलं तान्हं का असेना. त्यामुळे मी ईराला घेऊन गाडीत बसले आणि आई नऊवारीत, पायात मोज्यांवर मंदारच्या जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला घालून, जावयाबरोबर आत गेली. आत काय झालं ते मंदारनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच तिथे होते असं वाटतं. काउंटरवर हाना नावाची धिप्पाड, हसरी माओरी मुलगी होती. ती आईला ‘नॅन’ म्हणाली, म्हणजे आजी. मंदारनं आधीच सांगून टाकलं की आमची ऐपत बेताची आहे. तेव्हा तिनं काचेतली चकचकीत यंत्रं मागे सरकवली आणि एक साधं, बोटभर लांबीचं, पुन्हा पुन्हा भरता येणारं काढलं. म्हणाली, पहिल्यांदाच महागडं घेणाऱ्यांचं ढीगभर सामान घरोघरी ड्रॉवरमध्ये पडून आहे. हे घ्या, आतली कॉइल, म्हणजे तापणारी तार, जपून वापरली तर टिकेल, द्रवाची एक बाटली पुरवून वापरा, आणि खोल ओढू नका, गरम चहाचा घोट घेतात तसा घ्या. भरल्याबरोबर ओढायचं नाही. आतला कापूस पूर्ण भिजू द्यायचा, नाहीतर जळका वास येतो.

हे मंदारनं मराठीत सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, म्हंजी वातीगत. आणि पुढचं तिला काही शिकवावं लागलं नाही.

आधी तिनं तंबाखूच्या चवीची बाटली पाहिली. एक घोट घेऊन म्हणाली, ह्यात तंबाखू कुठाय? हा तर करपल्याला गूळ. मग पुदिना घेतला. निघताना हाना ‘स्वीट ॲझ’ म्हणाली, म्हणजे एकदम झकास. ते आईनं उचललं. घरी मंदारनं काहीही विचारलं, जेवलात का, बरं वाटतंय का, की आई गंभीरपणे म्हणायची, स्वीट ॲझ, जावईबापू. तो हसून लोटपोट व्हायचा. त्या घरात त्या दिवसांत जे काही हसू होतं ते त्या दोघांचं होतं.

ती व्हेपला ‘नळी’ म्हणायची. तिची नळी हिंगाच्या डबीशेजारी उभी असायची. कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली, दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसून ती सकाळी दोन-चार घोट घ्यायची, डाव्या हातानं, पदराआड. वायव्येचा गरम वारा ती पांढरी वाफ सिल्व्हरबीटवरून ओढत न्यायचा. मग हात, तोंड धुऊन, पदर झटकूनच ईराला घ्यायची. थरथर थांबली. झोप लागू लागली. नव्या कॉइलचा खर्च नको म्हणून जुनीच इतकी जपून वापरायची, की हानानं एकदा मंदारला विचारलं म्हणे, नॅननं सोडलं की काय?

आणि घरात तिचा वास बदलला. दुपारी ती माझ्या शेजारी आडवी व्हायची, तेव्हा मला टूथपेस्टचा, थंड, कोणाचाही नसलेला वास यायचा. मी डोळे मिटून तिला शोधायचे. ती हाताच्या अंतरावर असायची आणि सापडायची नाही. मला असंच हवं होतं ना? इथल्या कोणत्याही हॉलमध्ये मावेल अशी, वास नसलेली आई? ती मिळाली होती.

*

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली.

बाळाचं वजन करायला घरी नर्स यायची, गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेली. ती आली की आई दिसेनाशी व्हायची. मला वाटायचं, इंग्रजीचा संकोच. भडक केशरी-पिवळं जाकीट घातलेला पोस्टमन दारात आला, तरी ती आत जायची. रस्त्यावर गाड्यांच्या पार्किंगवर दंड लावणारी बाई दिसली की पदर पुढे ओढून माझ्या मागे यायची. एके दिवशी नर्स गेल्यावर मी तिला शोधत गेले, तर ती कपडे धुवायच्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसली होती. दिवा न लावता. नळी दोन्ही हातांत धरून.

तिनं हळूच विचारलं, “गेली का? नाव लिहून न्यायला तर आली न्हवती?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवसापासून, माझ्या त्या एका सहज वाक्यापासून, माझी आई या देशात गुन्हेगार म्हणून राहत होती. तिला वाटत होतं, कुठल्यातरी कागदावर तिचं नाव आहे. तिच्या डबीमुळे तिच्या लेकीचं, जावयाचं, तान्ह्या नातीचं बस्तान उठेल. ती आमच्याकडे दडून होती. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कोणाची काडी उचलली नाही, ती.

ईरा झोपली होती. मंदार ऑफिसात होता. घरात शांतता होती. मला अडवणारं तिथे काहीही नव्हतं — कोणी नाही, कसली घाई नाही. मी तिच्या समोर उभी होते आणि ‘आई, डबी मी टाकली’ एवढंच म्हणायचं होतं. ती रागावली असती? बहुधा हसली असती. मला ‘मेले’ म्हणाली असती आणि उठून भाकरी थापायला गेली असती. आणि मोकळी झाली असती.

मी म्हणाले, “नाही गं. वजन करायला आली होती.”

दिवा लावला आणि कपडे मशीनमधून काढू लागले.

*

तिच्या परतीच्या आधी मंदारनं सांगितलं, आई, या नळीवर तिकडे आपल्या देशात बंदी आहे, नेता यायची नाही. तिनं लगेच मान हलवली. ती नळी उघडून तिनं धुतली, आत उरलेला थेंब झटकला, पदराच्या कोरड्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, आता माझ्याजवळ कायबी न्हाय बघ.

विमानतळावर रांग होती. आमची पाळी यायच्या आधीच, कोणी काही विचारायच्या आधीच, आई खाली बसली आणि तिनं बॅग जमिनीवर उघडली. सगळी. लुगडी, ईराच्या जुन्या झबल्याची घडी, मंदारनं दिलेली स्वेटरची पिशवी. एकेक वस्तू बाहेर काढून ती बाजूला मांडत गेली आणि काउंटरवरच्या बाईकडे रिकामे तळवे करून दाखवू लागली. मागचे लोक थांबून पाहत होते. काउंटरवरची बाई पुढे वाकून इंग्रजीत मायेनं म्हणाली, काही गरज नाही, सगळं ठीक आहे. आईला ते कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं — मी सांगावं म्हणून.

ती ज्या नजरेनं पाहत होती ना, ती मी कुठल्याही कवितेत लिहू शकणार नाही. लिहिणारही नाही.

मी म्हणाले, सोड म्हणतात, आई. मी खाली बसून लुगडी भरली. घड्या तिनंच घातल्या.

त्यानंतर मी ती कविता कुठे म्हटलेली नाही. ही शिक्षा नव्हे. तोंड उघडलं की पुदिना आठवतो, एवढंच.

*

गेल्या वर्षी अनिश झाला. बाळंतपणाला ये म्हणून मी आईला फोन केला, मंदारनं केला, ईरानंही आपल्या इंग्रजीत केला — आजी, कम टु माय हाऊस. आईनं नातीला हसून उत्तर दिलं आणि मला म्हणाली, न्हाय बाय. तिथं माझं नाव लागलंय. तुमचं कागद व्हायचंत, मी आले तर बिघडायचं. तू तिथलीच एखादी बाई बघ.

मी म्हणाले, बरं.

पट्टीची नर्स पुन्हा आली, वजनं झाली. डिंकाचे लाडू मेघनानं करून दिले. आईची नळी गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, दही लावायच्या भांड्यामागे ठेवलेली आहे. कधीतरी हुंगून पाहते. आता तिला कसलाच वास येत नाही.

त्यानंतर आमची कायम राहायची कागदपत्रं झाली. दर रविवारी व्हिडिओवर आई मागच्या पायरीवर बसलेली असते, बोट हिरड्यांवर फिरत असतं, आणि ती विचारते, कागद झालं का? मी सांगते, झाले, आई, केव्हाच झाले. तिला ते ऐकायला आवडतं, म्हणून ती पुन्हा विचारते. मग तिचा चेहरा उजळतो. काळे दात दिसतील असं मोकळं हसून ती म्हणते, “बघ, मी आले न्हाय म्हणून सुरळीत झालं.”

आणि मी म्हणते, हो.

गेल्या रविवारीही म्हणाले.